सुंगाई यू : वाघाच्या वाटेवरचे चार दिवस

पहिला दिवस

सकाळी साडेसहाला क्वालालंपूर सोडलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. इथे सूर्य सातनंतर उगवतो, ही सवय मला नऊ वर्षांतही झालेली नाही. गाडीत आम्ही तिघी. मी, माझी चौदा वर्षांची लेक आणि ऑफिसातली एक मलय मैत्रीण. ही मैत्रीण याआधी दोनदा मेरापोह या जंगलाकाठच्या गावी, वाघाच्या रानात चोरट्या शिकाऱ्यांचे फास शोधत चालायला, जाऊन आली होती. 'चल, एकदा आमच्या वाघासाठी चाल,' असं ती वर्षभर म्हणत होती आणि मी टाळत होते.

टाळण्याचं कारण सांगते. मी चंद्रपूरची. बाबा वनखात्यात वनरक्षक होते, त्यामुळे वाघ आमच्या घरात जेवणाच्या पानावरचा विषय. कुठल्या पाणवठ्यावर कोण आली, कोणाला किती पिल्लं, कोणत्या गावाच्या शिवारात गाय पडली, हे ऐकतच मोठी झाले. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले. त्यातले निम्म्याच्या आसपास आमच्या एका जिल्ह्यात, असं तिकडे कोणीही सांगेल. अशा गावच्या मुलीने परदेशात पैसे भरून, वाघ दिसणार नाही हे आधीच ठाऊक असताना, जंगलात चिखल तुडवायला का जावं? खरंच असं वाटायचं.

मग एक दिवस मैत्रिणीने आकडा सांगितला. 2016 ते 2020 या काळात मलेशियात पहिली राष्ट्रीय व्याघ्रगणना झाली. तिचा निष्कर्ष, रानात उरलेले वाघ 150 पेक्षा कमी. 1950 च्या दशकात इथे तीन हजार होते असा अंदाज सांगतात. हा मलायी वाघ मलय द्वीपकल्पाबाहेर रानात जवळपास नाहीच. 2004 मध्ये जनुकीय अभ्यासातून तो वेगळी उपजात म्हणून ओळखला गेला आणि 2015 मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. द्वीपकल्पीय मलेशिया आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या अकरापटीहून मोठा आहे. एवढ्या मुलखात आमच्या जिल्ह्याइतकेही वाघ नाहीत. या देशाच्या राजचिन्हावर दोन वाघ उभे आहेत, फुटबॉल संघाचं नावच 'हारिमाउ मलाया', म्हणजे मलायाचा वाघ. तो आकडा ऐकल्यावर मात्र टाळवेना.

काराकचा महामार्ग डोंगर फोडून बेंतोंगला उतरतो. पुढे राउब. हा ड्युरियनचा मुलूख, 'मुसांग किंग' जातीची फळं इथून निघतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरउतार भादरल्यासारखे, त्यांवर ओळीने लावलेली कोवळी झाडं. त्याआधी मैलोगणती तेलताड. हिरवंगार दिसतं सगळं. लेक म्हणालीही, 'किती जंगल आहे!' तिला सांगावं लागलं की हे जंगल नाही. तेलताडाखालून वाघ एखाद्या रात्री निघून जाईल, पण तिथे संसार मांडणार नाही.

क्वाला लिपिसला चहा घेतला. इथला 'तेह तारिक' आपल्या चहाचाच चुलतभाऊ, फक्त उंचावरून ओतून फेसाळलेला. दुपारपर्यंत मेरापोह. चुनखडीचे उभे सुळके, त्यांना टेकलेलं छोटं गाव, एक रेल्वे स्टेशन, चार टपऱ्या. शेजारीच तामान नगारा या राष्ट्रीय उद्यानाचं सुंगाई रेलाउ प्रवेशद्वार. गुनुंग ताहान हे 2187 मीटरचं शिखर चढणारे इथूनही जातात.

संध्याकाळी आमच्या फेरीच्या गटप्रमुखाने भिंतीवर नकाशा लावून समजावलं. पश्चिमेला तितीवांग्सा ही मुख्य पर्वतरांग, पूर्वेला तामान नगारा. दोन्हींकडे वाघ. मध्ये सुंगाई यू नदीकाठची जंगलाची एक अरुंद पट्टी, या दोन अरण्यांना जोडणारा शेवटचा सांधा. त्या पट्टीतून आठ नंबरचा हमरस्ता जातो आणि रेल्वेही. सरकारने 'सेंट्रल फॉरेस्ट स्पाइन' नावाने अरण्याचा जो कणा सांधायचा आराखडा केला, त्यात अशा 37 जोडपट्ट्या दाखवल्या आहेत आणि ही त्यातली अगदी पहिली. 'मायकॅट' ही संस्थांची आघाडी 2010 पासून सामान्य लोकांना इथे चालायला घेऊन येते. चालायचं, डोळे उघडे ठेवायचे, फास दिसला की नोंदवायचा.

'एवढंच?' लेकीने विचारलं.

'एवढंच,' तो म्हणाला. 'चोर माणसांना भितो. माणसं सतत दिसली की तो ही वाट सोडतो.'

रात्री बुटांची खरेदी. माझे महागडे ट्रेकिंगचे बूट पाहून दुकानदारीण हसली आणि काळे रबरी बूट पुढे केले. खालून खिळ्यांसारखे रबरी दात. इथे लाडाने त्यांना 'अदिदास कांपुंग' म्हणतात, म्हणजे खेड्यातलं अदिदास. रबराच्या मळ्यात काम करणाऱ्यांचे हे बूट, पाण्यात बुडाले तरी वाळायला वेळ लागत नाही. तिघींनी घेतले. शिवाय गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे.

दुसरा दिवस

वाटाड्या बातेक होता. बातेक म्हणजे या रानाचे मूळ रहिवासी, ओरांग अस्ली समाजांपैकी एक. पिढ्यान्‌पिढ्या शिकार, कंदमुळं, वेत आणि गहारू हे सुगंधी लाकूड यांवर जगलेली माणसं. तिशीचा असेल. त्याला सगळे 'आबांग' म्हणत, म्हणजे दादा. तो मला 'काकाक' म्हणाला, थोरली बहीण. कमरेला कोयता, पाठीला वेताची टोपली.

पहिली शंभर पावलं टाकली आणि मला कळलं की मला हे जंगल वाचता येत नाही. ताडोबाचं जंगल बोलकं आहे. सागाचं वाळकं पान पायाखाली चुरचुरतं, बांबू करकरतो, वाघ हलला की वानर खाकरतं, चितळ ओरडतं, आणि बाबा न बघता सांगत, 'नाल्याकडून येतोय.' इथे चितळ नाही, गवताची कुरणं नाहीत. जमिनीवर उजेडच पोचत नाही. झाडं अशी की मान मागे टाकूनही शेंडा दिसू नये. तुआलांगच्या फांद्यांखाली आग्यामोहोळं लोंबत होती. कानात रातकिड्यांसारखी एकसुरी किर्र, मधूनच धनेशाच्या पंखांचा धापा टाकल्यासारखा आवाज, आणि लांब कुठेतरी उंका म्हणजे गिबनची चढत जाणारी हाक. चरणारी जनावरं अशा दाट रानात मुळातच कमी, म्हणून वाघही मुळात विरळ. एकेका वाघाला आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठा मुलूख लागतो. एक वाघ मेला की केवढी जागा ओकी पडत असेल, हा विचार चालताना सुटेना.

जळवांचं काय सांगू. सह्याद्रीत पावसाळ्यात भेटतात त्या इथे बारमाही. पानाच्या टोकावर उभ्या राहून डोलतात. लेकीच्या कॉलरमधून एक आत गेली, ती आधी किंचाळली आणि मग तिच्या वळवळीला हसत सुटली. आबांगने मागे वळून हात वर केला. जनावराला हसायचं नाही. हसलं तर वीज कडाडते, वादळ येतं, झाडं पडतात. धमकी नव्हती ती. रस्ता ओलांडताना आपण मुलाला थांबवतो तसा आवाज होता. लेक गप्प झाली. मला आजीची आठवण आली. ती वाघाला वाघ म्हणत नसे, 'वाघोबा' नाहीतर नुसतं 'तो'. इथले गावकरीही रानात 'हारिमाउ' शब्द उच्चारत नाहीत, 'पाक बेलांग' म्हणतात. पट्टेवाले काका. मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी तिला ताडोबाच्या तळ्याकाठच्या तारूची गोष्ट सांगितली. वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा तो पुढारी, त्याचं ठाणं झाडाखाली आहे आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. तिने ती मलयमध्ये आबांगला सांगितली. तो बराच वेळ मान हलवत राहिला, मग त्याने विचारलं, 'आणि ते लोक अजून तिथे राहतात का?' गाभ्यातली गावं उठवून बाहेर वसवल्याचं मी सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही.

खुणा मात्र मिळत गेल्या, आणि तिथे मला थोडं थोडं वाचता यायला लागलं. हत्तीची जुनी लीद. झाडाच्या सालीवर अस्वलाचे ओरखडे. हे इथलं ठेंगणं सूर्य-अस्वल. ओल्या रेतीत तीन बोटांचा ठसा, तो तापीर या आखूड सोंडेच्या प्राण्याचा मागचा पाय. पुढच्याला चार बोटं असतात. आणि ओढ्याच्या वळणावर दुभंगलेला मोठा खूर. मी बसलेच.

'सांबर!' मी मराठीतच ओरडले.

'रुसा,' आबांग म्हणाला आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

सांबराचा खूर दिसला म्हणून एवढा आनंद कशाला, असं चंद्रपुरात कोणी विचारेल. इथे सांबर शिकारीने इतकं घटलं की 2009 मध्ये त्याच्या शिकारीचे परवानेच थांबवावे लागले. वाघाच्या ताटातलं मुख्य अन्न तेच. त्याच्याखालोखाल रानडुक्कर. सांबर नाही तर वाघीण पिल्लं वाढवणार कशावर?

दुपारी एकच्या सुमाराला, डोंगरधारेवर, आबांग थांबला. हात आडवा. आम्ही जिथे होतो तिथेच गोठलो. मला काहीच दिसत नव्हतं. त्याने बोट दाखवलं तेव्हा आधी दिसल्या आडव्या टाकलेल्या फांद्या. गुडघाभर उंचीचं कुंपणच म्हणा, धारेवरून खाली गेलेलं. कुंपणाला मध्ये एक फट. फटीत, कुजल्या पानांखाली, तार. तारेचं दुसरं टोक वाकवलेल्या रोपट्याला. जनावर कुंपण टाळून फटीतून पाय टाकतं, रोपटं ताडकन उभं राहतं, फास आवळतो. आपल्याकडे याला फासकी म्हणतात. बाबा गस्तीवरून पिशवीत भरून आणत आणि न बोलता ओसरीच्या कोपऱ्यात टाकत. ती तार मला ओळखीची होती. मोटारसायकलच्या क्लचची.

हा फास जुना होता. तार गंजलेली. वाकवलेलं रोपटं त्याच अवस्थेत जगलं होतं आणि त्याला नवी पालवी फुटली होती. गटप्रमुखाने फोटो घेतले, जीपीएसची नोंद केली, मग काठीने फास उडवून दाखवला. रोपटं एवढ्या जोरात उसळलं की लेक दोन पावलं मागे सरकली. गंजली तरी तार मरत नाही. लावणारा विसरून जातो, ती वाट बघत राहते. वाघासाठी लावलेली असो वा रानडुकरासाठी, ती पाय बघत नाही. 2009 मध्ये उत्तरेकडच्या बेलुम-तेमेंगोरच्या जंगलात एक नर वाघ फासात अडकलेला जिवंत सापडला होता. त्याला सोडवून मलाक्काच्या प्राणिसंग्रहालयात नेलं, पण तो वाचला नाही.

एक फास दिसला की दुसरे असतात. तास-दीड तास आम्ही ते कुंपण दोन्ही बाजूंनी धुंडाळलं. आणखी एकही नाही. थोडं खाली विझून वर्ष झालेली चूल, सार्डिनचे गंजके डबे, आणि सालं काढून मधोमध फोडलेलं एक झाड. गहारूसाठी. हा गहारू म्हणजे आपला अगरू. अगरबत्तीच्या नावात जो अगर आहे तोच. झाडाला जखम होऊन बुरशी लागली की त्यात हे काळं सुगंधी राळयुक्त लाकूड तयार होतं आणि सोन्याच्या भावाने विकलं जातं. ते शोधायला आलेल्या टोळ्या, त्यात सीमेपलीकडून व्हिएतनाम-कंबोडियातून आलेल्याही, महिनोन्‌महिने रानात राहतात आणि सोबत फास लावत जातात. वाघाची हाडं, कातडी, नखं याच वाटेने बाहेर पडतात. 2022 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड दहा लाख रिंगिटपर्यंत आणि तुरुंगवास पंधरा वर्षांपर्यंत वाढवला. 2019 पासून पोलीस आणि वन्यजीव खातं मिळून मोहिमा काढतात, निवृत्त सैनिक आणि ओरांग अस्ली तरुण पगारी गस्त घालतात. ही जी गस्त आहे ना, ती मला सगळ्यात भरवशाची वाटली. रान ज्याला घरासारखं ठाऊक आहे तोच राखणार असेल तर चोराला जागा कुठे?

त्या तारेचं भेंडोळं आबांगच्या टोपलीत बसलं. परतताना लेक मुद्दाम त्याच्या मागे चालली, तो थांबतो तिथे थांबत, तो बघतो तिकडे बघत. रात्री तिने स्वतः विचारलं, 'आई, आजोबांनी असे किती काढले असतील?' मला आकडा माहीत नव्हता.

तिसरा दिवस

सकाळी रोपं लावली. जोडपट्टीतला एक उजाड तुकडा पुन्हा रान करायचं काम चालू आहे. खड्डा, खत, रोप, काठी. ऊन असं की दहालाच पाठ भाजली. माझी सतरा झाली, लेकीची चोवीस.

नंतर हमरस्त्यावरचे पूल पाहायला गेलो. रस्ता रुंद करताना इथे तो तीन ठिकाणी खांबांवर उचलला, खालून जनावरं जावीत म्हणून. वर लाकडाचे ट्रक धडधडत होते आणि खाली, खांबांच्या सावलीत, ओल्या मातीत हत्तींची वाट स्पष्ट पडलेली. आपल्या पेंचमधून जाणाऱ्या नागपूर–शिवनी महामार्गाखालचे बोगदे आठवले. तिथे वाघ खालून जाताना कॅमेऱ्यात आलेले आहेत, म्हणजे हे होऊ शकतं. नाही केलं तर काय होतं हेही या देशाने पाहिलंय. 2016 मध्ये पूर्व किनाऱ्याच्या द्रुतगती मार्गावर गाडीच्या धडकेत एक वाघीण मेली, ती गाभण होती. दीडशेच्या हिशेबात तिचं ओझं किती ते मांडून बघावं.

दुपारी टपरीवर नासी लेमाक खाताना चालवणाऱ्या बाईंशी, इथे त्यांना 'माक चिक' म्हणायचं, गप्पा निघाल्या. त्यांचा भाऊ रबर काढायला जातो. रबराचा चीक पहाटेच्या अंधारात काढतात. आता त्या वेळेला तो एकटा जात नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि रानडुकरं पटापट मेली. पुढे 2023 मध्ये शेजारच्या गुआ मुसांगकडे वाघाने माणसं मारली. भुकेला वाघ वस्तीकडे सरकतो, यात नवल ते काय. माक चिक रागाने बोलत नव्हत्या. 'त्याला खायला नाही, आणि आम्हाला काम सोडता येत नाही,' एवढंच. हे वाक्य मी मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्या बायकांच्या तोंडून आमच्याकडे ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत. वाघ वाचवायचा तर यांच्या पहाटेचा विचार आधी करावा लागतो. आमच्याकडे वाघ वाढले म्हणून आणि इथे खाणं संपलं म्हणून, भीती मात्र दोन्हीकडे तीच, आणि तिला शहरात बसून नावं ठेवण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही.

संध्याकाळी रेंज मिळाली तशी बाबांना फोन लावला.

'दिसला का वं बेटा?'

'नाही बाबा. इथे दिसत नसतो.'

'पगमार्क?'

'नाही. सांबराचा खूर दिसला. ताजा होता, कडा ढासळल्या नव्हत्या.'

'मग सांग ना तसं!' त्यांचा आवाज एकदम चढला. 'सांबर आहे तर जंगल मेलं नाही. फासे?'

'एक. क्लचची तार. जुना.'

'कुंपण करून?'

'हो. धारेवर.'

पलीकडे शांतता. मग त्यांनी बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. रोपटं किती जाड होतं, गाठ कशी होती, चूल पाण्यापासून किती लांब. सत्तरी ओलांडलेला माणूस, नोकरी सुटून बारा वर्षं झाली. लेकीने फोन ओढून घेतला आणि तापीरच्या बोटांपासून सगळं सांगत सुटली. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होते. पाऊस पडायला लागला होता.

चौथा दिवस

पहाटे पुन्हा एक छोटी फेरी झाली, नदीच्या बाजूने. काही सापडलं नाही. फास नाही, चूल नाही, माणसाची खूण नाही. गटप्रमुखाने तक्त्यात शून्य लिहिलं आणि त्या शून्याखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. लेकीने सही मराठीत केली.

आबांगचा निरोप घेताना मी त्याला काय द्यावं सुचेना. बॅगेत घरचा चिवडा होता, तो दिला. त्याने त्यातला मूठभर तोंडात टाकला, बाकीचा पोरांसाठी बांधून ठेवला.

निघण्याआधी गाडी पुन्हा बुटांच्या दुकानाशी उभी केली. काल रात्री फोन ठेवताना बाबांनी विचारलं होतं, 'म्हाताऱ्या माणसाला घेतात का तिथं?' गटप्रमुखाला विचारलं, तर तो म्हणाला सोप्या वाटाही आहेत, फेब्रुवारीत पाऊस कमी असतो तेव्हा आणा. दुकानदारीणीने माप विचारलं.

'आठ,' मी म्हणाले. लेक म्हणाली, 'नऊ घे आई. आजोबांना जाड मोजे लागतील.'

नऊ घेतले.